चौथ्या पानावरचं वाक्य

१

विश्वास ही बाजारात विकत मिळणारी वस्तू नाही, असं हॉबर्ट शहरातल्या चॅनल निवृत्तीनिधीच्या दारातल्या काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. ग्रॅनाइट भाड्याच्या इमारतीबरोबर आला. ऊन तिरपं पडलं की सोनेरी अक्षरांच्या खाली आधीच्या भाडेकरूने कोरलेलं 'ताजी मासळी, घाऊक दरात' अजूनही वाचता येतं.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला, सोमवारी सकाळी, या दारातून एक पाकीट आत आलं. पाकिटात निधीचंच ऑगस्टचं मासिक पत्र होतं, परत पाठवलेलं. चार पानं. पहिल्या पानावर जगभरचे शेअर दोन टक्के खाली, दुसऱ्यावर रोखे अर्धा टक्का खाली, तिसऱ्यावर या दोन्ही गोष्टी कशा अपेक्षितच होत्या त्याचा आलेख. चौथ्या पानावर पुढचा अंदाज. त्या अंदाजातल्या एका वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती.

'पुढच्या महिन्यात बाजार कुठे जातील, हे आम्हाला माहीत नाही.'

समासात कापऱ्या हाताने लिहिलं होतं: हे खरं आहे का? खाली सही, डब्ल्यू. ट्रॉट, आणि गावाचं नाव, सिग्नेट.

निधीचा प्रमुख मर्डो हॅस्लम याने ते तीनदा वाचलं. चॅनल निधीने आजवर दोन मंद्या, एक महामारी आणि तळमजल्यावर शिरलेलं पुराचं पाणी पाहिलं होतं, पण त्यातल्या एकाही प्रसंगी मर्डोच्या हातून कप सुटला नव्हता. तो आज सुटला. मग त्याने दार लावायला सांगितलं. कार्यालयात दारं नव्हती, नुसत्या काचा होत्या, त्यामुळे दार लावण्याजोगं काहीतरी घडलं आहे हे सगळ्यांना एकदमच कळलं.

त्याने नेरिडा कॉफील्डला बोलावलं. नेरिडा तक्रार विभागाची प्रमुख. विभागात ती एकटीच होती. त्याआधी बावीस वर्षं ती मत्स्य खात्यात निरीक्षक होती. धक्क्यावर उभं राहून पाणबुड्यांनी आणलेले अ‍ॅबलोनी शिंपले पट्टीने मोजायचे आणि कमी मापाचे निघाले तर बोटवाल्यांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. निधीत शिव्या कमी होत्या एवढाच फरक, असं ती म्हणत असे.

"हे कोणी घुसवलं?" मर्डोने विचारलं. "अडतीस हजार सभासदांना गेलंय हे. अडतीस हजार लोकांना आपण लेखी कळवलंय की आपल्याला माहीत नाही."

"आपल्याला माहीत आहे का?" नेरिडाने विचारलं.

मर्डोने तिच्याकडे असं पाहिलं, जसं चर्चमध्ये शिंकणाऱ्याकडे पाहतात. शुक्रवारी दुपारी दोन वाजता विश्वस्तांची बैठक होती. त्याला तोवर एक नाव हवं होतं. नाव मिळालं नाही तर काय करायचं याचीही त्याने तयारी केली होती, कारण तो तयारीचा माणूस होता. टेबलावर शुक्रवारची तारीख घातलेलं एक बडतर्फीचं पत्र होतं. कारण: गंभीर गैरवर्तन. नाव: रोवेना टिल.

रोवेना मासिक पत्राचा मजकूर लावत असे. तीस सप्टेंबरला तिच्या नोकरीला दहा वर्षं पूर्ण होणार होती. दहा वर्षं झाली की दीर्घ सेवेची दोन महिन्यांची भरपगारी रजा मिळते. गैरवर्तनाचा शिक्का बसला तर काहीच मिळत नाही. तीस तारखेला एकोणीस दिवस उरले होते.

२

पत्र चार हातांतून जात असे. मुख्य अर्थतज्ज्ञ डॉ. क्विंटन स्लेड अंदाज सांगे, रोवेना मजकूर लावी, कायदा अधिकारी अँजेलो वासिलाकिस तपासून सही करी, मर्डो शेवटची सही करी. मग फाइल पुन्हा रोवेनाकडे, तिथून छपाईला.

नेरिडा पहिल्यांदा अँजेलोकडे गेली. त्याचं टेबल इतकं स्वच्छ होतं की तिथे कागद ठेवायला संकोच वाटावा. तोही हादरलेला होता, पण त्याच्या पद्धतीने: त्याने टाय सरळ केला होता.

त्याने समजावून सांगितलं की तो पत्र वाचत नाही. तो बदलांची यादी वाचतो. नवं पत्र मागच्या महिन्याच्या पत्रावरच तयार होतं, आणि काय बदललं त्याची तांबड्या अक्षरांतली यादी संगणक आपोआप काढून देतो. कोणी बदललं, त्याचंही नाव असतं. त्या यादीतला प्रत्येक शब्द तो दोनदा वाचतो. यादीवर सह्या होतात, आणि कायद्याप्रमाणे या याद्या सात वर्षं जपाव्या लागतात. त्याने कपाट उघडून दाखवलं. याद्या महिन्यांप्रमाणे लावलेल्या होत्या, सैनिकांसारख्या.

ऑगस्टची यादी दीड पानाची होती. नेरिडाने ती खालून वर वाचली. मत्स्य खात्यातली सवय. आकडे, टक्के, महिन्यांची नावं. ते वाक्य कुठेच नव्हतं.

"यादीत नाही, म्हणजे पत्रात नाही," अँजेलो म्हणाला.

"मिसेस ट्रॉटनी त्याच्याखाली रेघ मारलीये."

"नसलेल्या वाक्याखाली मारलीये. सभासदांना तेवढा हक्क आहे."

वाक्यात कायद्याच्या दृष्टीने काय चूक आहे, असं तिने विचारलं. तिथे मात्र त्याचा चेहरा खुलला. चूक काहीच नव्हती. न आश्वासन, न सल्ला, न अतिशयोक्ती. त्याच्या सगळ्या नोकरीत इतकं निर्दोष वाक्य त्याच्यापुढे आलं नव्हतं, आणि आलं असतं तर त्याने ते डोळे मिटून मंजूर केलं असतं, असं तो काहीशा हळहळीने म्हणाला.

नेरिडा उठली, तेव्हा त्याने हळूच एक गोष्ट जोडली. वाक्य यादीत नसेल, तर ते सह्या झाल्यानंतर घातलं गेलं असणार. सह्या झाल्यानंतर फाइल फक्त एका बाईच्या हातात असते.

३

डॉ. स्लेड खिडकीपाशी उभा होता आणि डोंगराकडे बघत होता. डोंगर ढगात होता, त्यामुळे तो ढगाकडे बघत होता म्हणायला हवं.

क्विंटन स्लेडच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द कोणी ऐकले नव्हते. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. कधी सुटेल असं कोणीतरी विचारलं, तर तो म्हणाला होता की नजीकच्या काळात सुटण्याची शक्यता साठ टक्के आहे, मात्र धोके खालच्या दिशेने आहेत. आता त्याचा चेहरा कुणीतरी भर चौकात त्याची विजार ओढल्यासारखा झाला होता. मेलबर्नच्या एका मोठ्या कंपनीत त्याची मुलाखत ठरली होती, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं, कारण तो ती लपवत होता.

ते वाक्य आपण लिहिणं शक्यच नाही, असं त्याने सांगितलं. पुरावा काय, तर तो दरमहा काहीच लिहीत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोवेनाचा फोन येतो, तो 'बदल नाही' म्हणतो, संपलं.

"म्हणजे अंदाज दर महिन्याला तोच?"

"दृष्टिकोन, गं. अंदाज रोज बदलतो, दृष्टिकोन टिकतो. मी इथे आलो तेव्हा पहिल्या पत्राचं चौथं पान नव्याने लिहिलं. सावध आशावाद. त्याला सव्वीस पत्रं झाली. अजून त्याला हात लावायची वेळ आलेली नाही."

"मार्चमध्ये बाजार सात टक्के पडला होता."

"हो. तेव्हा सावधपणाचा अनुभव आला."

"आणि जूनमध्ये वर गेला."

"आशावाद," स्लेड म्हणाला, आणि पुन्हा ढगाकडे वळला.

नेरिडाने त्याला अखेरचं विचारलं, की मग पुढच्या महिन्यात बाजार खरंच कुठे जातील.  स्लेडने आपला आवाज खाली आणला आणि विचारलं की हे बोलणं कुठे लिहिलं जाणार आहे का. लिहिलं जाणार आहे, असं ती म्हणाली. तेव्हा त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

४

रोवेना टिलने आपला कप आणि कॅक्टस एका खोक्यात भरून ठेवला होता. खोकं टेबलाखाली पायाशी होतं, आणि ती टेबलावर अंड्याचं सँडविच खात होती. बडतर्फीचं पत्र तिनेच टाइप केलं होतं. दुसऱ्या कुणाला कार्यालयाच्या कागदावर समास नीट लावता येत नसत.

"नाव टाइप करताना हात थरथरला नाही?" नेरिडाने विचारलं.

"टिल. दोन अक्षरं. थरथरायला वेळ कुठे मिळतो," रोवेना म्हणाली.

तिच्या विरुद्ध पुरावा होता, आणि तो तिनेच दिला होता. गेल्या शुक्रवारी कामानंतर बियर पिताना ती सगळ्यांदेखत म्हणाली होती की चौथं पान कोणी वाचत असतं तर आपण सगळे केव्हाच घरी बसलो असतो. मर्डोने ते ऐकलं होतं. तेव्हा तो हसलाही होता; आता ते हसणं त्याने परत घेतलं होतं.

"तूच घातलंस का?"

"मी घातलं असतं तर पहिल्या पानावर घातलं असतं," रोवेना म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

तिने आपलं काम सांगितलं. आकडे बदलायचे. महिन्याचं नाव चौदा ठिकाणी येतं, ते चौदाही ठिकाणी बदलायचं. एकदा एक फेब्रुवारी तसाच राहिला होता तर दोन दिवस फोन वाजत होते. बाकीचं ती वाचत नाही. वाचायला तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि खरं तर एकदा वाचायचा प्रयत्न केला तेव्हा झोप आली.

मग तिने न विचारता सांगितलं की तिने आणि तिच्या बहिणीने कॅरव्हॅन रंगवून घेतली आहे. पिवळी. दोन ऑक्टोबरच्या बोटीने बेट सोडून मुख्य भूमीवर, तिथून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत. बहिणीला कंबरेचा त्रास आहे, पुढच्या वर्षी ती बसू शकेल की नाही सांगता येत नाही. हे सांगताना तिने सँडविच खाली ठेवलं होतं. ते तिने पुन्हा उचललं नाही.

नेरिडाने जुलैचं पत्र मागितलं. ते नव्हतं. फाइल एकच असते, तिच्यावरच दर महिन्याला नवं चढतं. संकेतस्थळावरही नवं आलं की जुनं निघतं. हा मर्डोचा नियम. जुना अंदाज समोर राहिला की लोक तो कॅलेंडरशी ताडून बघतात. सभासदांना ईमेलने जातो तो नुसता दुवा, आणि तो दर वेळी ताज्या पत्रापाशीच उघडतो. कागदावरचं पत्र आता फक्त एकसष्ट जणांना जातं, सगळे ऐंशीच्या पुढचे.

नेरिडाने ऑगस्टचं चौथं पान पुन्हा डोळ्यांपुढे धरलं. ऑगस्टमध्ये असं झालं. सप्टेंबरकडे पाहता. ऑगस्टच्या अखेरीस. प्रत्येक ओळीत कुठला ना कुठला महिना होता. फक्त लाल रेघ मारलेल्या वाक्यात महिन्याचं नाव नव्हतं. पुढच्या महिन्यात, एवढंच. हे वाक्य जानेवारीतही चाललं असतं. त्याला कधीच हात लावावा लागला नसता.

धक्क्यावर ती एक गोष्ट शिकली होती. कमी मापाचा माल टोपलीत वरच्या थरात कधी नसतो. वर सगळे बघतात.

५

गुरुवारी ती गाडी घेऊन सिग्नेटला गेली. मिसेस विल्हेल्मिना ट्रॉट त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. अडतीस वर्षं त्यांनी सफरचंदांच्या कोठारात माल बांधला होता, आणि त्यांच्या हातांची बोटं अजून एखादं अदृश्य फळ गुंडाळत असल्यासारखी हलत होती. त्यांनी चहा केला आणि लॅमिंग्टन केक पुढे केला. निधीतून माणूस आलेलं बघून त्या घाबरल्या होत्या.

"रेघ मारायला नको होती का, पोरी?" त्यांनी चोपन्न वर्षांच्या नेरिडाला विचारलं. "पेन्शन थांबवणार नाही ना?"

नेरिडाने त्यांना समजावलं की असं काही नाही, फक्त हे वाक्य त्यांना आत्ताच कसं दिसलं, ते हवं होतं. मिसेस ट्रॉट म्हणाल्या, मोतीबिंदू काढला ना, ऑगस्टमध्ये. त्याआधी ते पत्र म्हणजे त्यांना नुसता राखाडी कागद दिसायचा. डोळे सुधारल्यावर हाती आलं ते पहिलं कागदी वाचन हेच. तीन पानं त्यांना समजली नाहीत. चौथ्या पानावर एक वाक्य समजलं, आणि म्हणून त्या दचकल्या.

"मला वाटलं, चुकून छापलं असेल," त्या म्हणाल्या.

"जुनी पत्रं तुम्ही टाकून देता?"

मिसेस ट्रॉटना हा प्रश्न अपमानाचा वाटला. त्या तिला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे गारव्याला एक लाकडी पेटी होती, आणि पेटीत जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यासाठी ठेवलेली स्टर्मर जातीची सफरचंदं. प्रत्येक सफरचंद कागदात गुंडाळलेलं. एकेका कागदावर छोटे छोटे आलेख होते.

"तुमचं पत्र मापाला अगदी बरोबर बसतं," त्या म्हणाल्या. "शाईही उतरत नाही. मार्चमध्ये बांधली. जुना कागद तळाला, नवा वर, आम्हाला कोठारात असंच शिकवलंय."

नेरिडाने परवानगी घेतली आणि गुडघ्यांवर बसली. पहिलं सफरचंद उलगडलं. फेब्रुवारीचं चौथं पान. वाक्य होतं. दुसरं उलगडलं: पहिलं-दुसरं पान, ते बाजूला. पुढचं, जानेवारी. वाक्य होतं. डिसेंबर, होतं. तिने सफरचंदं ओळीने फरशीवर मांडली. मिसेस ट्रॉट मागे उभ्या राहून हळूहळू पांढऱ्या पडत होत्या.

"एवढे महिने?" त्यांनी विचारलं. "आणि मी त्यात फळं बांधत होते?"

नेरिडा तळाशी पोचली. चौथ्या पानांपैकी तळाकडून दुसऱ्यावर दोन वर्षांपूर्वीचा जुलै होता. वाक्य होतं. अगदी तळाच्या सफरचंदावर त्याच वर्षीचा जून होता. तिने तो कागद गुडघ्यावर सरळ केला, सुरकुत्या काढल्या आणि दोनदा वाचला.

तिथे ते वाक्य नव्हतं.

६

शुक्रवारी दुपारी एक वाजता तिने चौघांना काचेच्या खोलीत बसवलं आणि टेबलावर सुरकुतलेल्या कागदांची चळत ठेवली. चळत उडू नये म्हणून वर एक सफरचंद. विश्वस्तांच्या अध्यक्षबाई दोनला येणार होत्या. बडतर्फीचं पत्र मर्डोच्या हातात होतं. रोवेना कोट घालूनच आली होती.

नेरिडाने सांगितलं की वाक्य ऑगस्टमध्ये घुसलेलं नाही. ते सव्वीस महिने तिथे आहे. अँजेलोच्या यादीत ते आलं नाही, कारण यादीत फक्त बदललेलं येतं, आणि हे कधी बदललंच नाही. रोवेना महिन्यांची नावं शोधून बदलते, या वाक्यात नाव नाही. क्विंटन फोनवर 'बदल नाही' म्हणतो. मर्डो यादीवर सही करतो. सव्वीस वेळा या वाक्यावर एकाचीही नजर गेली नाही.

मर्डोच्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं. "सव्वीस गुणिले अडतीस हजार," तो पुटपुटला, आणि गुणाकार पुरा करायचं धैर्य त्याला झालं नाही.

"पण मुळात लिहिलं कोणी?" अँजेलोने विचारलं.

"ते तुझ्या कपाटात आहे," नेरिडा म्हणाली. "सात वर्षं जपतोस ना. दोन वर्षांपूर्वीचा जुलै काढ."

अँजेलो गेला आणि आला. येताना तो वाचत आला होता, म्हणून दाराच्या जागी असलेल्या काचेवर आपटला. त्याने यादी टेबलावर ठेवली आणि तो बसला. नेरिडाने मोठ्याने वाचली.

ती क्विंटन स्लेडची पहिली यादी होती. तांबड्या अक्षरांत त्याचा नवा मजकूर, सावध आशावादासकट. मजकुराच्या शेवटी, त्याच्याच नावावर, दोन वाक्यं होती: 'पुढच्या महिन्यात बाजार कुठे जातील, हे आम्हाला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत काहीतरी लिहून पाठवतो.'

दुसऱ्या वाक्यावर अँजेलोच्या पेनाची काट होती. शेजारी शेरा: 'काढावे. आश्वासन आहे.'

तळाशी मर्डोची सही. सहीशेजारी दोन शब्द: 'सुटसुटीत. शाबास.'

  स्लेडने टेबलावरचं सफरचंद उचललं, पाहिलं, आणि पुन्हा त्याच जागी ठेवलं.

"तो मर्डोसाठी निरोप होता," शेवटी तो म्हणाला. "खाजगी. मजकुराच्या चौकटीत चुकून पडला."

"आणि संध्याकाळी काय लिहून पाठवलंस?" नेरिडाने विचारलं.

"संध्याकाळी फुटबॉलचा सामना होता."

रोवेनाने कोटाचं वरचं बटण काढलं. मर्डोने बडतर्फीचं पत्र हातात उलटंसुलटं केलं, जणू मागच्या बाजूला दुसरं नाव असेल. मग त्याने ते कागद कातरायच्या यंत्रात घातलं. यंत्र चालेना. रोवेना उठली, मागचा खटका दाबला, आणि आपल्या बडतर्फीचे तुकडे होताना नीट उभी राहून पाहिले.

विश्वस्तांच्या बैठकीत तो विषय 'छपाईविषयक किरकोळ बाब' म्हणून मांडला गेला आणि चार मिनिटांत आटोपला. मिसेस ट्रॉटना काय उत्तर द्यायचं यावर मात्र पाऊण तास गेला. 'होय, खरं आहे' हे अँजेलो मंजूर करेना, 'नाही' हे स्लेड लिहून देईना. शेवटी त्यांच्या पत्राची नोंद घेतल्याचं कळवण्यात आलं. नेरिडाने आणलेल्या कागदांच्या बदल्यात त्याच पाकिटात दहा कोरे कागद घातले, फळांच्या मापाचे.

ते वाक्य पुढच्या पत्रातून गुपचूप काढायचं, असं ठरलं. कोण काढणार, असं कोणी विचारलं नाही. मजकुराचं सगळं रोवेनाच बघते.

तीस सप्टेंबरला रोवेनाची दहा वर्षं भरली. सोमवारी, दोन ऑक्टोबरला, पिवळी कॅरव्हॅन बोटीवर चढली. मजकूर लावायला एजन्सीतून एक बाई आल्या. त्यांना आकडे कुठे बदलायचे आणि महिन्याची चौदा नावं कुठे आहेत याची चिठ्ठी देण्यात आली होती.

सप्टेंबरच्या पत्राची यादी चार तारखेला आली. अँजेलोने तिच्यातला प्रत्येक शब्द दोनदा वाचला. स्लेडने मेलबर्नच्या विमानतळावरून फोनवर 'बदल नाही' म्हणून सांगितलं. मर्डोने सही केली. यादी अर्ध्या पानाची होती, आणि तिच्यात फक्त आकडे आणि महिन्यांची नावं होती.